विसरलेले दोनशे मिलिमीटर

९ फेब्रुवारी, सोमवार

मालाडला जाऊन आले. ऑफिसांची मोठी इमारत, तळघरात एसीचा थंड पाण्याचा प्लांट. आपल्या कंपनीच्या सहा थर्मोवेल गेल्या महिन्यात तिथे बसल्या, फाइलला लावायचे फोटो राहिले होते. परुळेकर सर म्हणाले, "गणित तूच केलंस, फोटोही तूच काढ. ऑफिसबाहेर पड जरा."

प्लांटचे ऑपरेटर सोनावणेकाका. बुटके, दोन्ही कानांत कापूस, कायम ओरडूनच बोलतात. "या मॅडम! आपली सहा बोटं बघायला आल्या का?"

बोटं हा शब्द बरोबर आहे. पोलादी जाड बोटंच ती. पाइपला भोक, भोकातून बोट आत पाण्यात, बोटाच्या पोकळीत तापमानाचा सेन्सर. बोट वाहत्या पाण्यात उभं राहतं, सेन्सर आत कोरडा.

पट्टी धरून फोटो काढले, सवयीने. पाइपला घाम येऊ नये म्हणून वर जाड इन्सुलेशन आहे. त्यामुळे बोट जिथे बोल्टने आवळलंय तो फ्लँज पाइपच्या बराच बाहेर. मधे आखूड नळकांडं, म्हणजे नोझल. पट्टीवर नोझल दोनशे मिलिमीटर.

बसमध्ये पवई ते मुलुंड डोक्यात दोनशे, दोनशे. काहीतरी राहिलंय. गॅस बंद केला की नाही, तसलं नव्हे. वेगळं.

१० मंगळवार

राहिलंच होतं.

नऊच्या आधी ऑफिसला पोचले. अंधेरीच्या आमच्या गाळ्यांचं मेन गेटही उघडलं नव्हतं, पायरीवर बसून लॅपटॉप उघडला.

बोटाची लांबी मी ३५० धरलीय. ती पाइपच्या भिंतीपासून आतली, पाण्यातली. पण बोट भिंतीत धरलेलं नाहीच. ते वर फ्लँजला धरलंय. नोझलमधले दोनशेसुद्धा मोकळे. म्हणजे थरथरणारी लांबी ५५०.

लांबी वाढली की बोटाचा स्वतःचा ठेका वर्गाने मंदावतो. ३५० ला सेकंदाला १४४ थरथरी. ५५० ला ५८. दोन्ही पंप चालू झाले की पाणी बोटामागे एक भोवरा डावीकडून एक उजवीकडून असे आळीपाळीने सोडत जाणार, सेकंदाला पन्नासला थोडे कमी. प्रत्येक भोवरा बोटाला एक ढकल देणार. ढकलण्याचा ठेका आणि बोटाचा ठेका जवळ आले की झोपाळ्यासारखं. हलणं वाढतच जातं. म्हणून ढकल बोटाच्या ठेक्याच्या ऐंशी टक्क्यांच्या खालीच ठेवतात. मी रिपोर्टात चौतीस लिहिलंय.

खरं पंच्याऐंशी आहे.

शीटवर केलं, कॅल्क्युलेटरवर केलं, कागदावर हाताने केलं. तिन्ही वेळा पंच्याऐंशी. चौथ्यांदा करायला घेतलं आणि थांबले. आता चौथ्यांदा करणं म्हणजे नुसतं...

सध्या एकच पंप चालतो. दुसरा नवा, त्याची ट्रायल २५ तारखेला. मार्चपासून रोज दोन्ही. पाइप मात्र जुनाच ठेवलाय, म्हणून पाण्याला एवढा वेग.

बोट तुटतं ते मुळाशी, फ्लँजच्या खाली. तुकडा पंपात जातो. कधी फ्लँजही गळायला लागतो, थंड पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीपर्यंत. समोरच्या भिंतीला इलेक्ट्रिक पॅनेल आहे. कालचे फोटो मोठे करून पाहिले. पॅनेल आणि तिसऱ्या बोटाच्या मधे सोनावणेकाकांची निळी खुर्ची.

रिपोर्टाखाली सही माझी. स. म. गावडे. सुवाच्य.

११ बुधवार

सरांना सांगितलं. आधी कागदावर चार ओळी लिहून नेल्या, नाहीतर मी मधेच रडकुंडीला येते.

सरांनी पूर्ण ऐकलं, हे खरं. मग म्हणाले, "बसवून महिना झाला. चाललंय ना?"

"एकाच पंपावर चाललंय सर."

"अगं, एल्बोच्या पुढे लगेच बसवल्यात त्या. वळणानंतर पाणी इतकं खवळलेलं असतं, तुझे ते शिस्तीतले डावे-उजवे भोवरे तिथे सुटतच नाहीत. पुस्तकातलं पुस्तकात राहू दे."

खवळलेल्या पाण्यात भोवऱ्यांची रांग मोडते हे मीही वाचलंय. "बघते," म्हटलं आणि जागेवर आले.

डबा उघडला नाही. मालवणी मसाल्याचा वास आला म्हणून शेजारच्या टेबलाने खाल्ला.

१२ गुरुवार

बाबांना सांगितलं. आई पोळ्या लाटत होती, तिने गॅस बारीक करून ऐकलं.

बाबा चावीवाले होते, पस्तीस वर्षं. रस्त्याखालच्या मोठ्या पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी फिरवायची, कुठल्या भागाला कधी पाणी ते त्यांच्या हातात. माझ्या दम्यामुळे मी एकदम तिसरीत शाळेत गेले, तोवरची शाळा म्हणजे बाबा. वजाबाकी चावीच्या फेऱ्यांवर. चाळीस उघडले, पंधरा बंद केले, किती राहिले. मधे गोंधळले तर अंदाजाने सांगायचं नाही. व्हॉल्व्ह पुरा बंद, पुन्हा पहिल्यापासून. एकदा स्वयंपाकघरात बसून लाटण्याची चावी करून मी दीडशे फेरे मोजले होते, दोनदा चुकून. वैताग. आता वाटतं माझ्या मनाला ती खोड तिथूनच लागली.

सगळं ऐकून बाबांनी एकच विचारलं. "तुटला काय?"

"नाही अजून."

"मगे येळ आसा. सांगून टाक."

"सरांना सांगितलं की."

"सरांका नाय गो. ज्याच्या घरात बसवलंस त्याका."

"नोकरी गेली तर?"

"दुसरी गावतली. त्या खुर्चेर बसता त्याका दुसरो जीव गावतलो काय?"

आई म्हणाली, "तुमचं काय जातंय बोलायला, पेन्शन सुरू आहे." पण पोळी करपेपर्यंत तीही तिथेच उभी होती.

आधी सरांच्या मुद्द्याला उत्तर हवं. उत्तर नसताना बाहेर जाऊन बोलणं म्हणजे नुसती घाबरट पोर बोलली असं होईल. आणि घाबरट आहेच मी, म्हणून तर जास्त.

१५ रविवार

महाशिवरात्र. आईचा उपास म्हणून सगळ्यांचाच.

बाबा म्हणाले, पाण्याचं विचारायचंय तर पाण्यालाच विचार, चल. मालाडच्या पुढे मार्व्याला गेलो, मनोरीच्या लाँच सुटतात तिथे. दुपारची ओहोटी, खाडीतलं पाणी समुद्राकडे ओढीने चाललेलं. जेटीच्या बाजूला होड्या बांधायचे बांबू रोवलेत, काही मोडून आखूड झालेले, काही चांगले लांब.

लांब बांबू थरथरत होते. आखूड ढिम्म. एकाच पाण्यात.

"हात लाव गो."

चिखलात उतरून लावला. पाणी समोरून येतं आणि बांबू थरथरतो आडवा, प्रवाहाला काटकोनात. हे हजारदा शिकलेय आणि तळव्याला कळल्यावर दचकले. बांबूमागे पाण्यावर एक गरगर डावीकडे, एक उजवीकडे, ओळीने वाहून जात होत्या. मोजलं. वीस थरथरी, अकरा सेकंद.

मग लाँच आली. तिच्या पंख्याने सगळं पाणी ढवळून टाकलं. भोवऱ्यांची रांग पुसली गेली, नुसता गोंधळ. सर म्हणतात तेच. मला वाटलं, आता बांबू शांत होणार.

जास्तच हलायला लागला. पण कसा हलत होता ते महत्त्वाचं. पाणी कसंही धक्के देत होतं, बांबू मात्र आपल्याच ठेक्यात. पुन्हा मोजलं. वीस थरथरी, अकरा सेकंद. तिसऱ्यांदा बाबांनी मोजलं, मला न सांगता. अकराच.

खवळलेल्या पाण्यात ठेका नसतो असं नाही. सगळेच ठेके असतात, मंद, जलद, सगळे एकत्र कालवलेले. काठी त्यातला आपला तेवढा उचलते. म्हणजे एल्बोच्या पुढे आहे म्हणून वाचलो असं काही नाही.

एक म्हातारा होडीत बसून आमच्याकडे बघत होता. "काय हरवलंय का?" बाबा म्हणाले, "नाय, माजा चेडू शाळा शिकतासा."

पाय धुवायला तासभर. चपला फेकल्या.

१६ सोमवार

बांबूवर सर विश्वास ठेवणार नाहीत, आणि बरोबर आहे. पोलाद दाखवायला हवं.

वर्कशॉपमधे आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरला एक जास्तीची बनवतात, भोक तिरकं गेलं तर असू दे म्हणून. मालाडची सातवी कपाटावर पडून होती. टर्नर इब्राहिमचाचांना म्हटलं, ही मला दोन प्रकारे धरून द्या.

"बेटा, जेवणाच्या सुट्टीत?"

"सुट्टीतच. सरांना अजून सांगितलं नाहीये."

"मग तर लगेच," म्हणाले आणि डबा बाजूला ठेवला.

आधी वाइसमधे पक्की आवळली, टोकापासून ३५० बाहेर. माझ्या गणितातल्यासारखी. फोन जवळ ठेवून लाकडी हातोडीने ठोकलं. टण्ण. फोनच्या ॲपवर १४०.

मग चाचांनी जाड प्लेटवर दोनशेचं नोझल उभं केलं, वर फ्लँज, चार बोल्ट. मालाडला आहे तसंच. ठोकलं. टण्ण नाही. खालून हूंऽऽ असं आलं आणि येतच राहिलं. चाचांनी हात लावून थांबवलं.

५७.

"एकच चीज, दोन आवाज," चाचा म्हणाले. "कागदावर कुठला लिहिलायस?"

"पहिला."

चाचांनी फ्लँजवरचे बोल्ट एकेक चाचपले. मग, "मी तीस सालपासून बनवतोय. म्हणजे तिसाव्या वर्षापासून, हसू नको. ड्रॉइंगवर जी लांबी येते ती बनवतो. ती धरलीय कुठे, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही. मीपण नाही."

पाण्यात ५७ पेक्षा अजून थोडं कमी होणार. म्हणजे पंच्याऐंशीच्याही वर.

१७ मंगळवार

सरांना खाली बोलावून दोन्ही आवाज ऐकवले. मार्व्याचंही सांगितलं. सरांनी स्वतः हातोडी घेतली, चार वेळा ठोकलं. नंतर चष्मा काढून पुसला.

"ठीक. आखूड बनवू. पाण्यात दीडशेच जाईल, एकूण साडेतीनशे. तापमान तेवढ्यात मिळतं. चाचा, किती दिवस?"

"शनिवारपर्यंत सहाही."

मला इतकं हलकं वाटलं की जिन्यात बसले. मग सर मागून आले. "हे बघ सायली. सर्व्हिस व्हिजिट म्हणून जायचं, जुन्या काढायच्या, नव्या घालायच्या. ग्राहकाला घाबरवायचं नसतं."

"सांगायचं नाही?"

"सुधारित मॉडेल आहे म्हणायचं."

मी "हो" म्हटलं. लिहून ठेवते आहे, की मी "हो" म्हटलं.

१८ बुधवार

पहाटे उठून कालचं पान वाचलं.

साडेनऊला केबिनमधे गेले. "सर, पत्र द्यावं लागेल."

"काल ठरलं ना?"

"काल मी चुकीचं हो म्हटलं. बदलेपर्यंत दोन्ही पंप लावू नका, हे त्यांना कोण सांगणार?"

"ट्रायल पंचवीसला आहे."

"मधे कोणी हौसेने लावला तर? आणि काढलेल्या जुन्या ते टाकणार नाहीत, स्पेअर म्हणून ठेवतील. दोन वर्षांनी कोणीतरी त्यातली एक कुठेतरी घालेल. त्याला कळायला नको?"

सर म्हणाले, "तू फार विचार करतेस."

"हो."

"दर वेळी हो म्हणू नकोस गं," म्हणाले, पण हसले. मग हसणं गेलं. "ठीक आहे. ड्राफ्ट कर."

मी लिहिलं, 'गणितात आमच्याकडून चूक झाली.' सरांनी खोडून 'पुनर्तपासणीत काही सुधारणा सुचल्या' केलं. मी पुन्हा टाइप केलं, चूक. सरांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा प्रिंट काढताना प्रिंटरमधे कागद अडकला आणि मी चक्क प्रिंटरवर ओरडले, सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

तिसऱ्या प्रिंटवर सरांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "सही तूच कर. चूक तुझीच आहे ना?"

केली. सुवाच्य.

१९ गुरुवार

शिवजयंती, सुट्टी. नाक्यावर सकाळपासून स्पीकर. पत्र ईमेलने काल संध्याकाळीच गेलं, सात मिनिटांत प्लांट मॅनेजरचं उत्तर. उद्या अकराला या. बाकी एक शब्द नाही. ते उत्तर दिवसभरात वीस वेळा उघडून पाहिलं. वीस वेळा तेवढंच.

२० शुक्रवार

मालाड. सर आले नाहीत, त्यांची बँकेत मीटिंग होती. असेलही.

प्लांट मॅनेजर डिसोझा मॅडम. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. पत्र समोर, त्यावर पिवळ्या खुणा.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"आणि त्या पहिल्या रिपोर्टावर?"

"तीही माझीच."

"मग मी आता दुसऱ्या सहीवर विश्वास का ठेवू?"

प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, ठेवू नका, दाखवते. दोन आवाजांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मग प्लांटमधे घेऊन गेल्या. बाबांची लोखंडी सळई पिशवीतून आणली होती, गळती ऐकायची. एक टोक फ्लँजवर, दुसरं कानाच्या मागच्या हाडावर. पहिलं बोट, पाण्याचा नुसता घोंगाट. दुसरंही तसंच. तिसऱ्याला घोंगाटाच्या खाली एक सूर. बारीक, थांबत नाही असा. एकाच पंपावर.

डिसोझा मॅडमनी सळई घेतली. ऐकलं. सोनावणेकाकांना दिली. त्यांनी कानातला कापूस काढला, मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आयला," ते म्हणाले. "ही तर गुणगुणतेय. मला वाटायचं माझ्याच कानात वाजतंय. डॉक्टरला दाखवून आलो मी!"

"काका, खुर्ची तिथून हलवता का?"

"का हो?"

सांगितलं का ते. काकांनी कापूस परत कानांत घातला. मग खुर्ची उचलून जिन्याजवळ नेली. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मॅडमनी दुसऱ्या पंपाच्या स्विचला कुलूप लावलं, किल्ली पर्समधे टाकली. "सोमवारी बदला. खर्चाचं तुमच्या सरांशी बोलेन. आणि गावडे," मी दारात असताना म्हणाल्या, "मला तुमचा राग आलाय. पत्राचा नाही. ते दोन वेगळे ठेवतेय."

रिक्षात बसून रडले थोडी. रिक्षावाल्याने विचारलं, "दीदी, पेपर खराब गेला?"

२३ सोमवार

सकाळी पंप बंद ठेवून सहाही बदलल्या. चाचा स्वतः आले, एरवी ते वर्कशॉप सोडत नाहीत. काढलेल्या सहा जुन्या वर्कशॉपमधे आणून मुळाशी लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग पावडरीतून वर येतो.

एक स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी.

केसाएवढी लाल रेघ. पाव इंचही नाही. मुळाला वळसा घालत निघालेली.

उरलेल्या तीन स्वच्छ.

सर खाली आले. तिसरी हातात घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात फिरवून फिरवून बघत होते. "एका पंपावर," एवढंच म्हणाले. चाचांनी लेथ बंद केली.

रेघेचा फोटो डिसोझा मॅडमना पाठवला. सरांना विचारून. सर म्हणाले, "पाठव. आता काय राहिलंय."

२४ मंगळवार

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण सकाळी केस विंचरताना सुचलं.

ते शीट माझं नाही. मी रुजू झाले तेव्हा तयार होतं. लांबीच्या चौकटीत काय भरायचं विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं होतं, ड्रॉइंगवरची आतली लांबी टाक, आपण तीच टाकतो. जुन्या काळी आमची कामं सगळी वाफेच्या आणि गरम तेलाच्या लाइनवर, नोझल पन्नास-साठचं, फरक खपून जायचा. मग थंड पाण्याची कामं यायला लागली, इन्सुलेशन जाड, नोझल लांब. चौकट तीच राहिली.

मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पण माझ्या आधीही कोणी विचारलं नाही.

दुपारभर जुन्या फायली काढल्या. थंड पाण्याची कामं नऊ. त्यात नोझल दीडशेच्या वर असलेली चार. चारही पुन्हा केली. दोन ठीक, पाण्याला वेगच नाही. तिसरी अठ्ठ्याहत्तर टक्के, जेमतेम आत. चौथी, घाटकोपरचं एक इस्पितळ, एक्याण्णव.

चौथीवर सही सरांची. गणित करणारा आणि तपासणारा, दोन्ही चौकटींत.

२५ बुधवार

ट्रायल. मॅडमनी पर्समधून किल्ली काढली, दुसरा पंप लागला. तळघरभर गर्जना. मी एकेका फ्लँजवर सळई टेकवली. सहाही ठिकाणी नुसता घोंगाट, ओबडधोबड, कुठेच सूर नाही. दोनदा फिरले. मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्यांदा फिरणार असाल तर मी कॉफी घेऊन येते." फिरले. त्यांनी खरंच आणली.

सोनावणेकाकांची खुर्ची अजून जिन्याजवळच. "इथं वारा लागतो," म्हणाले.

संध्याकाळी सरांच्या टेबलावर चार फायली ठेवल्या, घाटकोपरची सगळ्यात वर. त्यांनी उघडली, सही पाहिली, मिटली.

"सहा वर्षं झाली याला. काही नाही झालं."

"झालं तर आपल्याला कोण सांगणार सर? त्यांना कुठे माहितीय की बघायचं काय."

"उद्या बोलू."

२६ गुरुवार

उद्या म्हणजे आज. सर दुपारी आले. बोलले नाहीत. सहाला निघताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"घाटकोपरच्या त्या मेंटेनन्सवाल्याला मी ओळखतो. मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं त्याने. मी करतो फोन."

"कधी सर?"

"करतो म्हटलं ना."

"उद्या बारापर्यंत नाही झाला तर मी करू?"

बॅग खांद्यावर नीट केली. "तू बापावर गेलीयेस की आईवर?"

"काय माहीत."

"कर," म्हणाले. मग दारातून परत वळून, "पण मला बारापर्यंत दे."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बारा म्हणजे बारा. एक मिनिट आधी नको. त्येचीय येक सही आसा, त्याका येळ दी." हे मला सुचलं नसतं.

२७ शुक्रवार

सव्वाबारा. सर केबिनमधे, दार लोटलेलं. सकाळपासून दोनदा फोन उचलून ठेवताना काचेतून दिसले. बारा वाजून पाच मिनिटांनी आत जाऊन विचारलं, झाला का? सरांनी मान हलवली, नाही. मग फाइलवरून नंबर वाचून दाखवला, अंक अंक, मी लिहून घेतला. परत वाचून दाखवला. बरोबर, म्हणाले.

दार उघडंच ठेवून आले, त्यांना ऐकू येईल असं.

लावला. पाच रिंग. कुणीतरी उचलला, मागे मोठा आवाज, प्लांटमधेच असणार. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली. म्हटलं, सहा वर्षांपूर्वी आमच्याकडून तुमच्याकडे ज्या थर्मोवेल बसल्या, त्यांच्या गणितात चूक आहे. दोन्ही पंप एकत्र चालवता का?

"अहो, रोज चालवतो. का?"

"एक बंद करता येईल? आत्ता?"

"थांबा. साहेबांना विचारतो, आणि लिहून घ्यायला काहीतरी आणतो. ठेवू नका हां."

फोन टेबलावर, स्पीकर चालू. हे मी लिहितेय आणि त्यातून पंपांचा आवाज येतोय. दोन्ही चालू आहेत अजून. केबिनच्या दारात सर येऊन उभे राहिलेत.